मार कोणी खायचा, हे कोण ठरवतं?

मनोरुग्णालयात किंवा मानसिक आरोग्याच्या एखाद्या प्रकल्पात काम करणाऱ्या माणसाला पेशंटने मारलं, की बाहेरचे लोक दोनच गोष्टी बोलतात. एक, ‘वेड्यांचंच हॉस्पिटल ते, तिथे असं होणारच.’ दोन, ‘मग कशाला करता असली नोकरी?’ नऊ वर्षं मी या दोन्ही गोष्टी ऐकते आहे. दोन्हींमध्ये एकच गृहीत आहे, की मार खाणं हा त्या कामाचाच भाग आहे. आपल्या लोकांना हे नवीन नाही. गटारात उतरलेला माणूस गुदमरून मेला, तेव्हाही हेच म्हटलं गेलं. वैमानिकाच्या जिवाला धोका असला की तो सुरक्षेचा प्रश्न होतो, समित्या बसतात, अहवाल येतात. ज्या कामाला जातीने माणसं पुरवली, त्या कामातला धोका मात्र ‘कामाचा भाग’ होऊन बसतो.

माझं म्हणणं असं आहे. मानसिक आरोग्य क्षेत्रात मार कोण खातो, हे पेशंटचा आजार ठरवत नाही. वॉर्डात किती माणसं ठेवली, कोणाला एकटं पाठवलं, कोणाला कंत्राटावर ठेवलं, कोणाचं नाव कायद्यात घातलं आणि कोणाचं गाळलं, यावरून ते ठरतं. हे सगळे निर्णय माणसांनी घेतलेले आहेत, म्हणून ते बदलायला लावता येतात. आणि म्हणूनच हा चळवळीचा विषय आहे.

माझ्याविषयी थोडं सांगते. समाजशास्त्रात एम.ए. केल्यावर मी एका संस्थेच्या प्रकल्पात लागले. पहिली चार वर्षं एका सरकारी मनोरुग्णालयाच्या वॉर्डात पुनर्वसनाचं काम केलं, नंतरची पाच वर्षं गावोगाव गृहभेटी. अकरा महिन्यांचं कंत्राट, मग एक दिवसाचा खंड, पुन्हा अकरा महिने. तरी माझ्या हातात डिग्री आहे, तक्रार अर्ज लिहिता येतो, कोणाला फोन करायचा ते माहीत आहे. ज्यांच्याबद्दल मी मुख्यतः लिहिते आहे त्यांच्याकडे यातलं काहीच नाही.

सरकारी दवाखान्यात गेलेल्या प्रत्येकाला ते माहीत आहेत: वॉर्डातले मामा आणि मावशी. डॉक्टर म्हणजे सर किंवा मॅडम, नर्स म्हणजे सिस्टर, आणि परिचर, आया, कक्षसेवक म्हणजे मामा-मावशी. नातं किती जवळचं! आणि पगार देणारा ठेकेदार मात्र त्यांना चेहऱ्याने ओळखत नाही. मनोरुग्णालयात पेशंटला अंघोळ घालणं, भरवणं, नखं कापणं, ओले कपडे बदलणं, रात्री उठून बसलेल्याला पुन्हा झोपवणं, अंगावर धावून आलेल्याला धरणं ही सगळी कामं त्यांची. डॉक्टरांचा राउंड संपतो, मामा-मावशींची पाळी संपत नाही. पेशंटच्या जवळ जितका जास्त वेळ, तितका पगार कमी, असंच मी वॉर्डात पाहिलं. आणि आडनावं विचारली तर ओळखीची निघायची. आपली, मातंग, वाल्मीकी, काही भटक्या-विमुक्त समाजांतली. राउंडला येणाऱ्यांची आडनावं वेगळी असायची.

१२ आणि १३ फेब्रुवारी १९३८ ला मनमाडला जी.आय.पी. रेल्वेतल्या अस्पृश्य कामगारांची परिषद झाली. ब्राह्मणशाही आणि भांडवलशाही हे कामगारांचे दोन शत्रू आहेत, ही बाबासाहेबांची तिथली मांडणी आपण सगळे सांगतो. त्याच भाषणात त्यांनी अगदी रोजच्या गोष्टी मोजून दाखवल्या होत्या, त्या कमी सांगतो. अस्पृश्य माणूस रेल्वेत गँगमन म्हणूनच का राहतो, पोर्टर का होत नाही? कारण स्टेशन मास्तर पोर्टरला घरकामालाही वापरतो, आणि घरात अस्पृश्य चालत नाही. कापड गिरणीत विणकाम खात्यात पगार जास्त, पण तिथे आपल्या माणसाला दार बंद. बाबासाहेब कामाचं ठिकाण असं वाचत होते. कोण कुठे उभा आहे, त्याला तिथे कोणी उभं केलं आणि त्याची किंमत कोण मोजतो? मनोरुग्णालयाचा वॉर्ड मी याच पद्धतीने वाचते. गिरणीत शिवाशिवीमुळे आपल्याला दार बंद होतं. इथे मलमूत्र, लाळ, उलटी आणि अंगझटीचं काम आहे, म्हणून आपल्यासाठी दार सताड उघडं आहे.

मी वॉर्डात असतानाची एक गोष्ट सांगते. बायकांचा वॉर्ड, रात्रपाळी, साठेक पेशंट. सिस्टर एकच, तीही दोन वॉर्डांना मिळून, आणि सोबत एक मावशी. पहाटे दोघींची चादरीवरून भांडणं लागली. मावशी मध्ये पडल्या. एकीने हात पिरगळला आणि मनगटाजवळचं हाड मोडलं. सकाळी रजिस्टरमध्ये नोंद झाली: ‘बाथरूममध्ये पाय घसरून पडल्या.’ प्लास्टर सहा आठवड्यांचं होतं. ठेकेदाराने बिनपगारी धरलं. तिसऱ्याच आठवड्यात मावशी प्लास्टर घेऊन कामावर हजर. मी विचारलं, ‘खरं का नाही लिहू दिलं?’ त्या म्हणाल्या, ‘ताई, खरं लिहिलं तर मलाच विचारणार, तू एकटी मध्ये का गेलीस? आणि त्या पोरीला सुया टोचून आठ दिवस झोपवतील. ती काय शुद्धीवर होती का?’

या उत्तरावर मी पुष्कळ विचार केला आहे. जिने मार खाल्ला, तिलाच पेशंटची काळजी होती. आणि वरच्यांना काळजी होती ती रजिस्टर स्वच्छ राहण्याची. रजिस्टरमध्ये हल्ला नाही, म्हणजे वॉर्ड सुरक्षित. वॉर्ड सुरक्षित, म्हणजे जास्त माणसांची गरज नाही. जास्त माणसं नाहीत, म्हणून पुढच्या रात्री पुन्हा एकटी मावशी. खोट्या नोंदीपासून सुरू झालेलं हे चक्र फिरत राहतं आणि त्यात कोणाचंही नाव येत नाही.

आता कायद्याकडे बघू. महाराष्ट्रात डॉक्टर आणि रुग्णालयांवरचे हल्ले रोखण्यासाठी २०१० चा कायदा आहे. गुन्हा दखलपात्र, अजामीनपात्र, तीन वर्षांपर्यंत कैद आणि पन्नास हजारांपर्यंत दंड. संरक्षण कोणाला? यादीत नोंदणीकृत डॉक्टर, नोंदणीकृत नर्स, वैद्यकीय आणि नर्सिंगचे विद्यार्थी आणि निमवैद्यकीय कर्मचारी आहेत. आया, परिचर, सफाई कामगार हे शब्द त्या यादीत लिहिलेले नाहीत. ‘निमवैद्यकीय’मध्ये आपण बसतो का, यावर मावशीने पोलीस ठाण्यात जाऊन वाद घालायचा, अशी अपेक्षा आहे.

९ ऑगस्ट २०२४ ला कोलकात्याच्या आर.जी. कर रुग्णालयात एका तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. देशभर डॉक्टर रस्त्यावर आले, आणि ते बरोबरच होतं. आठवड्याभरात केंद्राने आदेश काढला, की ड्युटीवरच्या कर्मचाऱ्यावर हल्ला झाला तर संस्थाप्रमुखाने सहा तासांच्या आत गुन्हा नोंदवावा. सर्वोच्च न्यायालयाने राष्ट्रीय कृतिदल नेमलं. त्या कृतिदलात नामवंत डॉक्टर होते, मोठे अधिकारी होते. रात्रपाळीत वॉर्डात एकटी राहणारी आया त्यात नव्हती. सुरक्षेबद्दल बोलायला बोलावलं कोणाला, यावरूनच सुरक्षा कोणाची हे कळतं. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या मंडळात मजूर खात्याचे मंत्री होते, तेव्हा डिसेंबर १९४३ मध्ये धनबादच्या कोळसा खाणीत स्वतः खाली उतरले होते. खाणीतला धोका दिल्लीतल्या फायलीवरून कळत नाही, हे त्यांना माहीत होतं.

इथे काही मित्र आक्षेप घेतात, आणि तो मला रास्त वाटतो. ते म्हणतात, ‘मनोरुग्णालयात मारहाण होते ती पेशंटना. बांधून ठेवणारे, काठी उगारणारे हेच तुमचे मामा. तुम्ही कोणाची बाजू घेताय?’

मारहाण होते. मी पाहिली आहे, आणि करणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे. पण २०१७ चा मानसिक आरोग्यसेवा कायदा नीट वाचा. कलम ९५ पेशंटला साखळीने बांधायला बंदी घालतं. कलम ९७ सांगतं, की तात्काळ इजा टाळायला दुसरा मार्गच नसेल तरच पेशंटला बांधून किंवा धरून ठेवता येईल, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि अगदी आवश्यक तेवढाच वेळ. शिक्षा म्हणून कधीच नाही. आणि पुढे ते कलम म्हणतं, की केवळ कर्मचारी कमी आहेत या कारणाने कोणाला बांधता येणार नाही. म्हणजे कायदा करणाऱ्यांना पक्कं माहीत होतं, की या देशात पेशंटला बांधलं जातं ते बऱ्याचदा माणसं कमी असतात म्हणून. तमिळनाडूतल्या एरवाडीला ६ ऑगस्ट २००१ च्या पहाटे लागलेल्या आगीत साखळीने बांधलेली २८ माणसं गेली. माणसांच्या जागी साखळ्या ठेवल्या, की असं होतं.

आता मावशीच्या जागी उभे राहा. साठ पेशंट, एक बाई. बांधलं तर कायद्याने गुन्हेगार. नाही बांधलं तर मनगट मोडणार. कमी माणसं ठेवणारा माणूस या चित्रात कुठेच नाही. म्हणून मी कोणा एकाची बाजू घ्यायला नकार देते. सरकारी मनोरुग्णालयाच्या जनरल वॉर्डात येतो तो पेशंट गरीब असतो, नातेवाइकांनी सोडलेला असतो, पुष्कळदा आपल्याच वस्तीतला असतो. मारणारा आणि मार खाणारा एकाच चाळीतून आलेले असतात. दोघांना एकमेकांसमोर उभं करून व्यवस्था बाजूला होते. पेशंटची प्रतिष्ठा आणि कामगाराची सुरक्षा यांना एकच गोष्ट लागते: पुरेशी, शिकवलेली, कायम नोकरीतली माणसं. म्हणून सुरक्षेच्या नावाखाली जास्त काठ्या, जास्त कुलपं मागणाऱ्या मोर्चात मी जाणार नाही. जास्त माणसं मागणाऱ्या मोर्चात पहिल्या रांगेत असेन.

वॉर्डाला निदान भिंती असतात. गृहभेटीला तेही नाही. मी एकटी स्कूटीवर अनोळखी गावात जाते, अनोळखी घरात शिरते. एका मोठ्या वाड्यातला तरुण उन्मादाच्या अवस्थेत होता. त्याने मला जातीवरून शिवी घातली. घरचे हसले. मोठा भाऊ म्हणाला, ‘मनावर घेऊ नका मॅडम, तो वेडा आहे.’ पुढच्या भेटीला त्याच भावाने मला पायरीखालीच थांबवलं आणि वेगळ्या कपात चहा पाठवला. तो काही वेडा नव्हता. आजार माणसाला नवीन शिव्या शिकवत नाही. घरात लहानपणापासून कानावर पडलेलंच त्या अवस्थेत तोंडातून बाहेर येतं. त्या तरुणाविरुद्ध मी तक्रार केली नाही, करणारही नाही, त्याचं औषध चालू राहावं म्हणून मी त्या गावात जात राहिले. पण त्या वेगळ्या कपाची नोंद मी भेटीच्या अहवालात केली. संस्थेतून निरोप आला, की असल्या ‘वैयक्तिक’ गोष्टी अहवालात नकोत. अपमान कामावर असताना झाला, कामामुळे झाला, तरी तो माझा वैयक्तिक!

गृहभेटीला जाणाऱ्या पोरींनी एक इतिहास लक्षात ठेवावा. राजस्थानातल्या भटेरी गावच्या भंवरी देवी सरकारी कार्यक्रमात ‘साथिन’ म्हणून काम करत होत्या. जात कुंभार. त्यांनी बालविवाह थांबवण्याचा प्रयत्न केला, म्हणून १९९२ मध्ये गावातल्या वरचढ जातींच्या पुरुषांनी त्यांच्यावर सामूहिक बलात्कार केला. १९९५ मध्ये कोर्टाने आरोपींना बलात्काराच्या आरोपातून सोडलं. या प्रकरणामुळे महिला संघटना सर्वोच्च न्यायालयात गेल्या, त्यातून १९९७ चा विशाखा निकाल आला आणि पुढे २०१३ चा कायदा. म्हणजे ‘कामाच्या ठिकाणी लैंगिक छळ’ हा सगळा कायदा गावात फिरून काम करणाऱ्या एका बहुजन बाईच्या रक्तातून आला आहे. आज तक्रार समितीचा बोर्ड मात्र एसी ऑफिसात दिसतो. त्या कायद्यात कामानिमित्त भेट दिलेली कुठलीही जागा हे कामाचं ठिकाण आहे. कामाच्या ठिकाणी संपर्कात येणाऱ्या लोकांपासून सुरक्षित ठेवणं हे मालकाचं कर्तव्य आहे, असं कलम १९ सांगतं. म्हणजे पेशंटच्या घराची ओसरीही आली आणि पेशंटचा काकाही आला. दहापेक्षा कमी कर्मचारी असलेल्या संस्थेत समिती नसेल, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे तक्रार करता येते.

आणि संस्था काय करतात? आमच्या एका सहकारी पोरीच्या अंगावर पेशंटच्या नातेवाइकाने हात टाकला. त्यावर आम्हाला ताण-व्यवस्थापनाची दोन तासांची कार्यशाळा मिळाली. डोळे मिटा, श्वासाकडे लक्ष द्या. मी बौद्ध घरातली आहे. आनापान मला कोणी पॉवरपॉइंटवर शिकवायची गरज नाही. आणि ते मन जागं करण्यासाठी आहे, जोडीदार न देता पोरीला एकटी पाठवण्याचा निर्णय पचवण्यासाठी नाही. गृहभेटीला दोघींना पाठवा, एवढी साधी मागणी होती. ‘बजेटमध्ये बसत नाही’ असं उत्तर आलं. कार्यशाळेच्या तज्ज्ञांचं मानधन बसलं होतं.

धम्माचा विषय निघालाच आहे, तर विनयपिटकातल्या दोन गोष्टी सांगते. गग्ग नावाच्या भिक्खूला वेड लागलं होतं. त्या अवस्थेत त्याच्या हातून नको त्या गोष्टी घडल्या. बरा झाल्यावरही काही भिक्खू त्याला त्यावरून टोचत राहिले. बुद्धांनी ते व्यक्तींवर सोडलं नाही. संघाने रीतसर ठराव करून त्याला त्या काळातल्या दोषातून मोकळं केलं. शुद्ध हरपलेल्या माणसाला गुन्हेगार धरायचं नाही, हे आज भारतीय न्याय संहितेचं कलम २२ सांगतं. संघाला ते तेव्हाच कळलं होतं, आणि तो भार संघाने सगळ्यांनी मिळून उचलला. दुसरी गोष्ट महावग्गातली. बुद्ध आणि आनंदांनी स्वतःच्या घाणीत पडून राहिलेल्या आजारी भिक्खूला धुतलं, ही कथा आपल्या विहारांत सांगतात. त्याच खंधकात पुढे एक नियम आहे, तो सांगत नाहीत. आजारी भिक्खू वारला, तर त्याचं चीवर आणि पात्र त्याची सेवा करणाऱ्यांना द्यावं. ज्या संघात वैयक्तिक मालमत्ता जवळजवळ नव्हतीच, तिथेही शुश्रूषा करणाऱ्याचा हक्क लिहून ठेवला गेला. सेवा म्हणजे पुण्य, तिचा मोबदला काय मागायचा, ही भाषा आपली नाही. ती ज्यांची आहे त्यांना परत करा.

आता आपल्याबद्दल. आपल्या वस्त्यांत कोणी मनोरुग्णालयात ‘लागला’, की पेढे वाटतात. ठेकेदाराचा माणूस असला तरी सरकारी गेटच्या आत तर आहे! त्या आनंदाला मी हसत नाही, माझ्या घरीही पेढे वाटले होते. पण नोकरी मिळाल्याच्या उपकाराखाली माणूस गप्प बसतो, आणि त्याच्यामागे चळवळही गप्प बसते. आपण पुतळ्यासाठी, शिष्यवृत्तीसाठी, आरक्षणासाठी बोलतो, बोललंच पाहिजे. रात्रपाळीत किती माणसं असावीत, यासाठी आपण किती निवेदनं दिली?

तरुण मित्रांनो, सुरुवात कठीण नाही. ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी इथे सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं आहेत, आणि जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमही आहे. आपल्या जवळच्या ठिकाणी माहिती अधिकाराचा अर्ज टाका. परिचर आणि कक्षसेवकांची मंजूर पदं किती, रिक्त किती? रात्रपाळीत प्रत्येक वॉर्डात प्रत्यक्ष किती माणसं असतात? गेल्या तीन वर्षांत कर्मचारी जखमी झाल्याच्या नोंदी किती, आणि कारण काय लिहिलं आहे? ‘पाय घसरून’ किती वेळा आलं आहे, ते मोजा. ठेकेदाराच्या कराराची प्रत मागा. मग वस्तीतल्या मामा-मावशींना भेटा. त्यांच्या पगारातून ईएसआय कापतात का, आणि कापलेलं भरलं आहे का, ते बघून द्या. एकवीस हजारांपर्यंत पगार असेल तर ईएसआयचा हक्क आहे, आणि जखमी असताना रजेचे पैसे त्यातून मिळतात. ठेकेदाराचा कामगार कामावर जखमी झाला तर मूळ मालकही भरपाईला बांधील असतो, हे तत्त्व १९२३ च्या नुकसानभरपाई कायद्यापासून चालत आलं आहे. ते कोणी मावशीला सांगत नाही. तुम्ही सांगा.

आणि मागण्या सरळ ठेवा. रात्री वॉर्डात आणि गृहभेटीला कोणीही एकटं नको. खवळलेल्या पेशंटला बोलून, जागा देऊन, न मारता कसं शांत करायचं, याचं प्रशिक्षण आधी मामा-मावशींना, मग बाकीच्यांना. खरी नोंद, आणि तिची प्रत जखमी माणसाच्या हातात. जखमी असेपर्यंत पूर्ण पगार. २०१० च्या कायद्यात आया, परिचर, सफाई कामगार आणि क्षेत्र कार्यकर्ते हे शब्द स्पष्ट लिहिले जावेत. आणि वॉर्डाच्या सुरक्षेची कुठलीही समिती बसेल, तिथे एक खुर्ची मावशीची.

या मागण्यांमुळे पेशंटचा एकही हक्क कमी होत नाही. उलट ज्या रात्री वॉर्डात पुरेशी माणसं असतील, त्या रात्री चादरीवरून भांडणाऱ्या दोघींना वेगळं करायला दोन मावश्या असतील, तिसरी दुसरी चादर आणेल, आणि कोणालाच सुई टोचावी लागणार नाही.

जय भीम.